दोन इस्त्र्या, एक कुकर

थोरलीचा मोठा कुकर अखेर सापडला, तो रविवारी सकाळी पावणेदहाला, कारखान्याच्या मागच्या खोलीत. त्याच्या झाकणाच्या जागी बोटभर जाडीची पारदर्शक ॲक्रिलिकची चकती बसवली होती, चकतीतून एक नळी निघाली होती आणि त्या नळीचं दुसरं टोक जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला जोडलेलं होतं.

"दोन महिने," थोरली म्हणाली. "दोन महिने मी त्या कामवालीवर आळ घेतला. बिचारी गेल्या वर्षीच काम सोडून गेली."

"वहिनी, मी विचारलं होतं तुम्हाला," धाकटी, तिची जाऊ, पान्याने एक बोल्ट आवळत म्हणाली. "जुना कुकर वापरात आहे का, असं."

"आणि मी नाही म्हटलं. वापरात नाही म्हणजे टाकून दिलाय असं नाही गं. वापरात तर जावईबापूही नाहीत."

जावईबापू तिथेच खुर्च्या मांडत होते. सरकारी तपासनीस म्हणून निवृत्त झाल्यापासून नको ते ऐकू न येण्याची त्यांना चांगली सवय लागली होती. त्यांनी खुर्ची सरळ केली आणि तिचे पाय तपासले.

थोरलीने कंबरेवर हात ठेवून बाकीचं यंत्र पाहायला सुरुवात केली आणि तिचा आवाज हळूहळू चढत गेला. घरातून गेल्या वर्षभरात जे जे हरवलं होतं ते ते इथे कामाला लागलं होतं. धाकट्याच्या भोक पाडायच्या मशीनचा उभा खांब आणि दांडा होता. त्या दांड्याखाली स्टीलची जाड नळी आणि नळीत दट्ट्या. जावईबापूंच्या गाडीत हवा भरायच्या पंपावरचं दाबाचं घड्याळ कुकरच्या चकतीवर बसलं होतं. आणि सगळ्यात खाली, दोन इस्त्र्या. एक थोरलीची, पाठ खाली टेकवून उताणी ठेवलेली. दुसरी आत्याची, गेल्या उन्हाळ्यात माहेरपणाला आली तेव्हा विसरून गेलेली, पहिलीवर पालथी घातलेली. दोघींच्या मध्ये ॲल्युमिनियमचा साचा.

"माझी इस्त्री!" आत्या म्हणाली. ती कारखान्याच्या मालकांची, म्हणजे या दोघी जावांच्या सासऱ्यांची मुलगी, जावईबापूंची बायको, मुलांची आत्या, म्हणून आता सगळ्या घराचीच आत्या. "आणि मी सासरी सगळ्यांना सांगितलं की वहिनीने ठेवून घेतली."

"सांगितलंस?" थोरली वळली.

"आता नाही सांगणार," आत्या घाईघाईने म्हणाली.

धाकटीने दोघींकडेही पाहिलं नाही. लग्नाआधी चार वर्षं ती एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. या घरात त्या नोकरीचा उल्लेख लहानपणी येऊन गेलेल्या गोवरासारखा होत असे, म्हणजे झालं ते झालं, आता त्याचे डाग नाहीत ना एवढंच बघायचं. डाग होते. गेलं वर्षभर ती वरच्या मजल्यावरच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात दोन डब्यांतली पांढरी द्रव्यं सारखी-सारखी मोजून एकत्र करत होती, कुकरमधली हवा ओढून त्यातले बुडबुडे काढत होती, ते पातळ सिलिकॉन नळीत भरून दांडा खाली दाबत होती आणि साच्यातून बाटलीच्या झाकणातली पांढरी रिंग काढायचा प्रयत्न करत होती. पहिल्या चाळीस-पन्नास रिंगा रिंगा नव्हत्याच. शेवटच्या अकरा मात्र सलग उत्तम आल्या होत्या, त्यातल्या दोन तर काल याच खोलीत.

त्या रिंगेवर या वास्तूचं भवितव्य लटकलं होतं. मालकांचा कारखाना साठ वर्षं काळ्या रबराचे वायसर आणि रिंगा काढत आला होता. बाटल्या बनवणारी कंपनी हे शेवटचं मोठं गिऱ्हाईक. त्यांनी वर्षभरापूर्वी कळवलं होतं की तुमच्या रिंगेने पाण्याला टायरचा वास येतो, पांढऱ्या सिलिकॉनची रिंग देणार असाल तर बोला. तेव्हापासून यंत्रं बंद होती. थोरल्याने फरशीवाल्या व्यापाऱ्याला गोदामासाठी सगळी जागा द्यायचं नक्की केलं होतं आणि कागद तयार होता. फक्त मालकांची सही राहिली होती. गुरुवारी जेवताना मालकांनी निकाल दिला होता: रविवारी सगळ्यांसमोर एक रिंग काढून दाखवा. माझ्या हाताने ताणली आणि ती परत जागेवर आली, तर कारखाना राहील आणि मागचा अर्धा भाग धाकट्या सूनबाईचा. नाही आली, तर मी तिथेच सही करतो.

हा निकालही मालकांनी थोरल्याकडे बघून दिला होता. धाकटी तेव्हा समोरच बसून भात वाढून घेत होती.

या घराची ती रीतच होती. सुना मालकांशी थेट बोलत नसत आणि मालकही सुनांशी बोलत नसत. याला काही कारण होतं असं नाही, पण पस्तीस वर्षं पाळलेल्या गोष्टीला कारण लागत नाही. मजकूर थोरल्याकडे द्यायचा, थोरला तो मालकांकडे पोचवायचा. तो या घराचं टपालखातं होता आणि कुठलंही टपालखातं कधीकधी करतं तसं तोही काही पत्रं आपल्याच खिशात ठेवून द्यायचा.

शुक्रवारी धाकटीने त्याला गाठलं होतं.

"भाऊजी, मालकांना एक सांगायचंय. फार महत्त्वाचं आहे. या कामाला गंधकाचा हात लागता कामा नये. रबरात गंधक असतं, म्हणून रबर चालत नाही, रबरी हातमोजे चालत नाहीत. गंधक लागलं की हे सिलिकॉन घट्टच होत नाही. चिकट राहतं."

"सांगतो," थोरला म्हणाला होता.

आणि त्याने मालकांना जाऊन सांगितलं, "रविवारी दहाला. तुम्ही फक्त खुर्चीवर बसायचं."

हे त्याने निव्वळ दुष्टपणाने केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्या माणसाने गंधकावर तीन पिढ्या पोसल्या, त्याला जाऊन सांगायचं की सूनबाई म्हणतात गंधक म्हणजे घाण? थोरल्याची जीभ रेटेना. थोडासा दुष्टपणा होता, नाही असं नाही. थोरला चोपन्न वर्षांचा होता आणि एकोणिसाव्या वर्षापासून त्याच्या सदऱ्यांना, केसांना, पाकिटातल्या नोटांनासुद्धा रबराचा वास येत होता. लग्नकार्यात त्याच्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरायची. फरशीला वास नसतो. आयुष्यात एकदा तरी त्याला कसलाच वास न येणारा माणूस व्हायचं होतं, आणि हे तो बायकोलाही सांगू शकला नव्हता.

रविवारी सकाळी नऊला धाकटीने खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: 'रबरी चपला, रबरी हातमोजे, रबराची कोणतीही वस्तू आत आणू नये. गंधक अजिबात नको.' खोली तिने दोन दिवस खपून पुसून काढली होती, भिंतींना प्लास्टिक लावलं होतं. रबराच्या कारखान्यात रबराला बंदी, हे वाचून आत्याला हसू आलं आणि थोरलीला राग आला. दोघीही चपला बाहेर काढून आत गेल्या.

पण मालक त्याआधीच, साडेसातला, येऊन गेले होते.

त्यांच्याकडे स्वतःची किल्ली होती. आले, दिवा लावला, आणि यंत्रासमोर बराच वेळ नुसते उभे राहिले. इस्त्र्या ओळखीच्या वाटल्या. कुकरही. मग त्यांनी चार बोल्ट सोडवून साच्याच्या दोन्ही पाट्या उघडल्या आणि आतल्या गोल खाचेवरून अंगठा फिरवला. काम स्वच्छ होतं. कुठे खरखर नाही, कड नाही. लेथवर माणसाच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलेलं काम लगेच कळतं. मालकांना फार बरं वाटलं.

हे कोणालाच माहीत नव्हतं की मालकांना कारखाना राहायला हवा होता. ते सांगणार तरी कोणाला? ज्याच्या शब्दावर घर चालतं त्याला स्वतःची इच्छा बोलून दाखवायची सोय नसते. आजवर त्यांनी निकाल दिले होते, मागितलं काही नव्हतं. म्हणून त्यांनी ही रिंगेची अट घातली. मनातून ते त्या मुलीच्या बाजूने होते, आणि तिला ते कळवायचं तर मध्ये थोरला होता.

म्हणून त्यांनी जमण्यासारखं होतं ते केलं. साठ वर्षांपूर्वी त्यांच्या पहिल्या साच्यातून जो माल निघाला तो रबर नव्हताच, नुसता चिकट गोळा होता. मग एका म्हाताऱ्या कारागिराने गंधक किती घालायचं ते दाखवलं आणि गोळ्याचं रबर झालं. तेव्हापासून प्रत्येक नव्या साच्याच्या पहिल्या मालाआधी मालक स्वतःच्या हाताने चिमूटभर गंधक त्या खाचेत घालून अंगठ्याने चोळत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि ते कुठल्या पुस्तकातही नव्हतं. शेवटचा नवा साचा येऊन अकरा वर्षं झाली होती. मालकांनी खिशातली जुनी डबी काढली, चिमूट घेतली, मन लावून गोल-गोल चोळली, पाट्या बंद केल्या, बोल्ट आवळले. एवढं मनापासून त्यांनी स्वतःच्या मुलांनाही कधी काही दिलं नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी चहा घेतला आणि बरोबर दहाला परत आले. दारावरच्या कागदाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. आपल्याच कारखान्यातल्या पाट्या मालक वाचत नसत. त्या इतरांसाठी असतात.

"सुरू करू दे," ते खुर्चीवर बसून थोरल्याला म्हणाले.

"सुरू कर," थोरला दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या धाकटीला म्हणाला.

धाकटीने प्लास्टिकचे हातमोजे घातले, दोन डब्यांतलं द्रव्य मोजलं, ढवळलं आणि भांडं कुकरमध्ये ठेवून कॉम्प्रेसर चालू केला. चकतीखाली पांढरं मिश्रण उतू जाणाऱ्या दुधासारखं फुगायला लागलं. वर, वर, अगदी काठापर्यंत.

"गेलं!" आत्या किंचाळली.

"जात नाही," धाकटी घड्याळाकडे बघत म्हणाली. "आता बसेल."

आणि ते बसलं. एकदम खाली, गुळगुळीत, एकही बुडबुडा नाही. खोलीत कौतुकाचा एक उद्गार उमटला आणि त्या क्षणापासून खोलीतली हवा बदलली.

"कुकर चांगला म्हणून," थोरली आत्याला म्हणाली. "माझ्या आईने दिलेला. आजकाल असे कुकर मिळत नाहीत."

"आतली हवा काढल्यावर बाहेरची हवा पदार्थाला वर खेचते," जावईबापूंनी कोणी विचारलेलं नसताना सांगितलं. "घड्याळ माझं आहे. अगदी अचूक. मी स्वतः तपासून घेतलेलं."

"आणि वरची इस्त्री माझी," आत्या म्हणाली. "मी म्हटलंच होतं, राहू दे तिच्याकडे, काहीतरी करेल."

धाकटा बायकोच्या शेजारी उभा होता. तो नेहमी ज्याच्या शेजारी उभा असे त्याच्या बाजूचा असे. त्यामुळे त्या वेळी तो पूर्णपणे बायकोच्या बाजूचा होता आणि अभिमानाने सगळ्यांकडे बघत होता.

दांडा खाली आला. धाकटीने दोन्ही हातांनी, सावकाश, दम न सोडता तो दाबला. साच्याच्या बाजूच्या बारीक भोकातून एक पांढरा थेंब डोकावला.

"भरला," ती म्हणाली. "आता दहा मिनिटं."

दहा मिनिटांत घरं मोडतात आणि उभी राहतात. आत्याने आपली खुर्ची धाकटीकडे सरकवली आणि हळूच विचारलं की मागच्या अर्ध्या भागात तुला एकटीला एवढी जागा लागेल का, आमच्या मोठ्याला काहीतरी सुरू करायचंय. थोरलीने ते ऐकलं आणि मोठ्याने सांगितलं की धाकटीला कोणाची मदत लागली तर घरातली माणसं आहेत, कुकर घरातलाच होता. जावईबापूंनी 'तांत्रिक सल्लागार' हा शब्द दोनदा उच्चारला. थोरला एकटाच भिंतीपाशी होता. खिशातल्या कागदाची घडी तो उलगडत होता आणि परत घालत होता.

मालक साच्याकडे बघत होते. त्यांचा उजवा अंगठा डाव्या तळव्यावर हळूहळू फिरत होता.

धाकटीने इस्त्र्यांची बटणं बंद केली, फडक्याने साचा उचलला, बोल्ट सोडवले आणि फटीत सुरीचं पातं घालून वरची पाटी उचलली.

खाचेत रिंग नव्हती. वर वर पांढरट, आत पातळ, बोटाला तार सुटावी असा चिकट लगदा होता. पाटीबरोबर त्याचे धागे वर आले आणि तुटले.

मग सगळे एकदम बोलले.

"मला आधीच शंका होती," जावईबापू म्हणाले. "घड्याळ गाडीच्या पंपाचं. असल्या कामाला चालत नाही."

"कुकर माझा नव्हेच तो," थोरली म्हणाली. "माझ्याला कडेला पोचा होता."

"पोचा आहे की इथे," धाकटा म्हणाला. तो आता चुकून थोरलीच्या शेजारी येऊन उभा राहिला होता, म्हणून लगेच म्हणाला, "पण दुसराच असेल."

"इस्त्री किती वेळ तापवली?" आत्याने खुर्ची मागे घेतली. "माझी इस्त्री सुती कपड्यांची आहे. रिंगा करायची नाही. काही झालं असेल तर ते खालच्या इस्त्रीमुळे."

"खालची माझी आहे!"

"तेच म्हणतेय मी."

"कोणीतरी रबर आणलंय आत," धाकटी हळू आवाजात म्हणाली. ती खाली वाकून लगदा बघत होती.

हे शब्द पडायचा अवकाश, घरातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंगावरचं रबर शोधू लागला. थोरलीने आत्याच्या पर्समधून नोटांना लावलेलं रबरबँड काढलं. आत्याने थोरलीच्या केसांतलं दाखवलं. दोघींची नजर मग एकाच वेळी जावईबापूंच्या पायांकडे गेली. चपला काढायला सांगितलं होतं, पण जावईबापूंनी बूट घातले होते आणि बुटांचा कागदावर उल्लेख नव्हता. तळ रबराचे निघाले. तपासनीस माणसाला मोज्यांवर उभं करण्यात आलं आणि त्यांचे बूट पुराव्यासारखे मध्यभागी ठेवण्यात आले. चौदा वर्षांपूर्वी सोफ्यावरून झालेल्या भांडणानंतर थोरली आणि आत्या पहिल्यांदाच एका बाजूला आल्या होत्या, आणि दोघींनाही ते मनापासून आवडत होतं.

"बास," थोरला म्हणाला. त्याने कागद काढला. पेन काढलं. "मालक, ठरल्याप्रमाणे."

धाकटीला यातलं फारसं ऐकू येत नव्हतं. ती सुरीच्या टोकाने लगदा बाजूला सारत होती. खाचेच्या अगदी कोपऱ्यात, जिथे लगदा सगळ्यात पातळ होता, तिला चार-पाच पिवळे कण दिसले. तिने सुरी नाकाशी नेली. त्या वासाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. साचा काल रात्री तिने स्वतः धुऊन, पुसून बंद केला होता.

तिने मान वर केली आणि खोलीतले हात पाहिले. थोरलीचे कंबरेवर, आत्याचे पर्सवर, थोरल्याचे कागदावर. मालकांचे मांडीवर. उजव्या अंगठ्याचं पेर पिवळं होतं.

एक वर्ष गेलं होतं यात. हात दोनदा भाजला होता. आता एक वाक्य बोललं की काम झालं. मालकांनीच गंधक टाकलंय, बघा त्यांचा अंगठा. यंत्र निर्दोष, बाई निर्दोष. पण मोज्यांवर उभ्या असलेल्या जावयासमोर, मुलीसमोर, दोन्ही मुलांसमोर त्या म्हाताऱ्याला सांगायचं की तुम्हीच बिघडवलंत? ज्या माणसाला या जगात फक्त एक गोष्ट येते, तीच चुकली असं? आणि तो तिथे का आला असेल, कशासाठी चिमूट टाकली असेल, हेही तिला कळलं. नेमकं कसं कळलं ते तिला सांगता आलं नसतं. त्या खाचेत कण ज्या पद्धतीने चोळलेले होते त्यावरून असेल. काम बिघडवायचं असतं तर कोणी इतक्या निगुतीने चोळलं नसतं.

तिने अंगठ्याने ते कण पुसून टाकले.

"अर्धा तास द्या," ती थोरल्याला म्हणाली. "वर माझा पहिला साचा आहे. त्यावर एक ओरखडा आहे, पण माल चांगला येतो."

"ठरलं ते ठरलं," थोरला म्हणाला. "अशी एकेक संधी देत बसलो तर—"

"सूनबाई."

थोरलीला आधी वाटलं आपल्यालाच हाक मारली. पण मालक आपल्याकडे बघत नव्हते. मालक धाकटीकडे बघत होते.

"काय पुसलंस?"

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा टपालखात्याला वळसा घालून एक पत्र थेट गेलं होतं. थोरल्याचा हात कागदासकट हवेत राहिला.

"काही नाही, मालक," धाकटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "धूळ होती."

"धूळ पिवळी नसते."

तिने सुरी फडक्याला पुसली.

"गंधक लागलं तर हे घट्ट होत नाही का?"

"मालक, राहू दे ना. मी दुसरा साचा—"

"मी विचारतोय."

"नाही होत," ती म्हणाली. "आमच्या या सिलिकॉनचं आणि गंधकाचं जमत नाही. जरासं लागलं तरी चिकट राहतं."

मालकांनी स्वतःचा अंगठा डोळ्यांसमोर धरला. मग थोरल्याकडे पाहिलं. "हे मला कोणी सांगितलं नाही."

थोरल्याने सांगायला तोंड उघडलं, पण त्याच्याकडे सांगण्यासारखं फक्त खरं होतं, म्हणून त्याने ते परत मिटलं.

"गंधक मी टाकलं," मालक म्हणाले. "सकाळी येऊन."

आता खोलीत जे झालं ते या घराला शोभेल असंच झालं. दोन क्षणांत प्रत्येकाने आपापला हिशोब केला आणि सगळे मिळून मालकांच्या बचावाला धावले.

"परीक्षा!" मोज्यांवर उभे राहून जावईबापू म्हणाले. "अहो, मालकांनी परीक्षा घेतली! मुद्दाम! आमच्या खात्यातही असं करतात."

"मी तेच म्हणणार होते," आत्या म्हणाली. "बाबा काही उगीच करतील का?"

"धंदा म्हणजे काय सोपं आहे?" थोरली म्हणाली. "अडचणी येणारच. त्यातून माल काढता आला पाहिजे."

थोरल्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "बरोबर," तो म्हणाला. "परीक्षाच ती. आणि त्या परीक्षेत यंत्र नापास झालं. मालक, इथे सही करा."

वाट अगदी मोकळी होती. मालकांनी नुसती मान हलवली असती तर ते दूरदर्शी ठरले असते, कडक ठरले असते, आणि पुढची दहा वर्षं जेवणाच्या टेबलावर ही गोष्ट त्यांच्याच कौतुकात सांगितली गेली असती. सगळं घर ती मान हलण्याची वाट बघत होतं. धाकटीसुद्धा.

"परीक्षा नाही," मालक म्हणाले. "चुकलो मी."

हा शब्द त्या घरात कोणी कधी ऐकलाच नव्हता, म्हणून तो ऐकल्यावर काय करायचं ते कोणाला माहीत नव्हतं. आत्या सवयीने रडू लागली.

मालक खुर्चीवरून उठले. "आता मी काय करू?" त्यांनी विचारलं. आणि ते थोरल्याला नव्हतं विचारलेलं.

धाकटीने सुरी खाली ठेवली. "हात धुवा," ती म्हणाली. "साबणाने. तीनदा. नखांतून सुद्धा. ती डबी बाहेर ठेवा. आणि मग..." ती अडखळली. "मग दाराबाहेर थांबा."

थोरलीने डोळे मिटून घेतले. पण मालक गेले. अंगणातल्या नळावर त्यांनी हात धुतले, तीनदा, आणि चौथ्यांदाही. परत येऊन ते उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून. शाळेत उशिरा आलेलं पोर जसं उभं राहतं तसे. त्यांची नजर त्या वेळी दारावरच्या कागदावर गेली आणि त्यांनी तो पहिल्यांदा वाचला.

धाकटा धावत जाऊन वरून पहिला साचा घेऊन आला. वाटेत तो कोणाच्याच शेजारी नव्हता, त्यामुळे बहुधा स्वतःच्या मताने धावला असावा. धाकटीने हातमोजे बदलले. पुन्हा मोजणं, ढवळणं, कुकर, दुधासारखं उतू जाणं आणि बसणं. या वेळी कोणी कुकरवर हक्क सांगितला नाही. दांडा खाली आला, थेंब डोकावला, आणि ती दहा मिनिटं त्या घराच्या इतिहासातली सगळ्यात शांत दहा मिनिटं होती.

तिने पाटी उचलली. रिंग खालच्या खाचेत बसली होती, पांढरी, कोरडी. नखाने कडा सोडवल्यावर ती टुणकन बाहेर आली. एका बाजूला ओरखड्याची बारीक रेष होती.

ती रिंग घेऊन दारापाशी गेली. मालकांनी हात पुढे केले नाहीत.

"लागेल," ते म्हणाले.

"आता नाही लागत. एकदा घट्ट झालं की गंधक त्याचं काही करू शकत नाही."

"नक्की?"

"नक्की, मालक."

मग त्यांनी हात पुढे केले. रिंग दोन अंगठ्यांत धरली आणि ताणली. वीतभर ताणली, थोरली 'अगंबाई' म्हणाली इतकी ताणली, आणि सोडली. ती होती तशी झाली. त्यांनी परत ताणली. मग नाकाशी नेली आणि बराच वेळ तिथेच धरली.

"कसलाच वास नाही," ते म्हणाले, जरा नाराजीनेच, आणि रिंग थोरल्याकडे दिली. "बघ."

थोरल्याने ती आधी नुसती हातात घेतली. मग हुंगली. एकदा, दोनदा. त्याने कागद काखेत धरला आणि रिंग दोन्ही हातांत घेऊन पुन्हा नाकाशी नेली, आणि तिसऱ्यांदा हुंगताना त्याचे डोळे भरून आले. ते रबराच्या वासाने नव्हतं एवढं नक्की.

"कुकर माझाच आहे बरं का तो," थोरली मागून म्हणाली. "पोचा आहे बघा."

"पेन आहे ना तुझ्याकडे?" मालकांनी थोरल्याला विचारलं.

थोरल्याने न बघता पेन पुढे केलं. त्याने काखेतला कागदही पुढे करायला हवा होता, ते तो विसरला.

मालक दाराकडे वळले. चिकटवलेल्या कागदावरची ओळ त्यांनी बोट ठेवून पुन्हा एकदा वाचली, 'गंधक अजिबात नको', आणि तिच्या खाली, भिंतीला हात टेकवून, आपली पूर्ण सही केली.

मग पेनाला टोपण लावून त्यांनी ते धाकटीच्या हातात दिलं.